तेरवीत बसून काढलेली वंशावळ

मोठेबाबांचं काहीतरी बिनसलंय हे घरात कोणाला कळायच्या आधी आमच्या वावरात कापूस वेचायला येणाऱ्या एका बाईला कळलं. दुसरी वेचणी सुरू होती, संध्याकाळी धुऱ्यावर काटा लावला, गाठोडी मोजली, मोठेबाबांनी नेहमीसारखा तोंडी हिशोब केला, पैसे वाटले, सगळे आपापल्या घरी गेले. रात्री आठ-साडेआठला ती बाई ओसरीत येऊन उभी राहिली, पदराच्या गाठीतून नोटा काढल्या आणि मोठ्या मायच्या हातात ठेवल्या. "बुढ्यानं मले दोनदा पैसे देल्ले. पयले देल्ले ते त्यायच्या ध्यानातच नाही." मोठी माय म्हणाली, होते असं, दिवसभर उन्हात होते ना. पण ती बाई लगेच गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "माय, त्यायनं मले माहं नाव बी इचारलं." ती बाई बावीस वर्षांपासून आमच्याकडे वेचायला येते.

हे चार वर्षांपूर्वीचं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, तेव्हा बहात्तरचे होते. आता त्यांना स्वतःचा नातू ओळखू येत नाही, पण कासऱ्याची गाठ मात्र अजून डोळे मिटून मारतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. आमच्याकडे रक्त तपासायचं म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिला शब्द सिकलसेल येतो (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात), म्हणून "रक्तातून आलेला आजार" ही गोष्ट इथल्या अडाणी म्हातारीलाही समजावून सांगावी लागत नाही. पण विसरण्याचा आजार रक्तातून येतो का, हा प्रश्न मला स्वतःला मोठेबाबांपर्यंत कधी पडलाच नव्हता. आमच्याकडे त्याला आजार म्हणतच नाहीत, म्हातारचळ म्हणतात, चळ लागला म्हणतात, नाहीतर साठी बुद्धी नाठी म्हणून विषय संपवतात. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं तर तिथंही तेच, डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले वय झालं की होतंच, घरी सांभाळा. नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी नीट बसवून प्रश्न विचारले, घड्याळ काढायला लावलं, बी-१२ आणि थायरॉईड तपासलं (ही दोन कमी-जास्त असली तरी माणूस असाच विसरायला लागतो आणि ते औषधाने सुधारतं, म्हणून आधी हे तपासायलाच पाहिजे, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा), सीटी स्कॅन केला, आणि मग सांगितलं, डिमेन्शिया आहे, म्हणजे हळूहळू सगळं विसरत जाण्याचा आजार, आणि त्यातला बहुतेक अल्झायमर, सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. आणि जाता जाता विचारलं, घरात अजून कोणाला होतं का?

मी पटकन "आत्याला होतं" म्हटलं. आणि मग घरी येताना पूर्ण रस्ताभर मोजत बसले की अजून कोण कोण.

गेल्या वर्षी एका काकांची तेरवी होती. पंगती उठल्या, बायका मागच्या अंगणात बसल्या होत्या, त्यात माझ्या बाबांची मावशी होती, म्हणजे माझी मावसआजी, वय नव्वदीच्या आसपास, कान गेलेले पण डोकं एकदम साफ. मी तिच्याजवळ सरकले आणि लॅबच्या जुन्या रजिस्टरचं एक कोरं पान मांडीवर घेऊन विचारायला लागले. वंशावळ काढायची पद्धत सोपी असते, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला आजार तो चौकोन किंवा गोल आतून काळा करायचा. माझी आजी काळी. आजीचा भाऊ काळा. मग मी विचारलं, तुह्या मायचं कसं होतं गं आजी? ती गप्प बसली. मला वाटलं ऐकू आलं नाही, मी परत कानाशी जाऊन विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "आमच्या माहेरावर बोल नको लावू पोरी."

मी म्हटलं, बोल नाही लावत, मला फक्त समजून घ्यायचं आहे. बऱ्याच वेळाने तिने सांगितलं. तिची आई, म्हणजे माझी पणजी, शेवटची तीन-चार वर्षं अंगणात सूप घेऊन बसायची आणि दिवसभर पाखडायची. सुपात काहीच नसायचं. रिकामं सूप, पण हात बरोबर चालायचे, मधेच फुंकर मारायची, मधेच बोटाने खडा काढून टाकायची. कोणी सूप हातातून घेतलं तर रडायची. "मंग आम्ही तिले मूठभर तांदूळ टाकून दिऊ, का लोकायनं पाहू नये." आणि किती वर्षांची होती तेव्हा? ते कुठं कोणाला माहीत. बहात्तरच्या दुष्काळात ती गेली आणि तेव्हा तिच्या थोरल्या नातवाचं लग्न होऊन दोन पोरं झाली होती, यावरून मी अंदाज बांधला, सत्तरीच्या वरची असावी. तारखा अशाच काढाव्या लागतात, दुष्काळावरून, पुरावरून, कोणाच्या लग्नात कोण कडेवर होतं यावरून.

एक गोष्ट मला त्या दिवशी फार लागली. आमच्या कुळाचा भाट येतो, त्याच्याकडे वही आहे, त्यात आमच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या लिहिलेल्या आहेत, बाबा ती फार अभिमानाने दाखवतात. त्या वहीत हा आजार शोधायला गेलं तर काहीच सापडणार नाही, कारण त्यात फक्त बाप आणि मुलगे आहेत. माझी पणजी त्यात नाही, आजी त्यात नाही, आत्या त्यात नाही. आणि आमच्या घरात हे जे काही आलं ते आजीबरोबर आलं, लग्न होऊन आलं. जी गोष्ट बायकांच्या अंगातून चालत आली ती पुरुषांच्या वहीत कशी सापडणार. ती सापडली एका नव्वद वर्षांच्या बाईच्या डोक्यात, आणि ती पण बोल लागेल या भीतीने पन्नास वर्षं गप्प होती.

त्या पानावर आता चार पिढ्या आहेत आणि पाच काळ्या खुणा. पाच खुणांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, सत्तरीनंतर हा आजार तसाही बऱ्याच लोकांना होतो. देशभर जो मोठा सर्व्हे झाला, लासी-डॅड म्हणतात त्याला, त्याचा आकडा २०२३ ला आला, साठीच्या वरच्यांत ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. तर आमच्या घरातलं निव्वळ योगायोगही असू शकतं. पण तेव्हापासून मी जे मिळेल ते वाचत गेले, आणि मला कळलं की जगात या आजाराचे जे जीन (आईबापाकडून अंगात येणारे, गुण ठरवणारे तुकडे) सापडले त्यातले कितीतरी असेच सापडलेत, आडबाजूच्या गावांत, जिथं सोयरीक आपसातच होते, आणि कोणीतरी म्हाताऱ्या बायकांजवळ बसून पान भरलं म्हणून.

गावं अशीच का लागतात ते माझ्या भाषेत सांगते. समजा आजीचं एक लुगडं होतं, लाल काठाचं. ते फाडून मुलींनी गोधड्यांत लावलं, त्या गोधड्या फाटल्या तेव्हा त्यातले तुकडे काढून नातींनी आपल्या गोधडीत लावले. दर पिढीला तुकडा लहान होत जातो. मोठ्या शहरात, जिथं हजार घरच्या चिंध्या एकत्र येतात आणि शेकडो पिढ्या गेल्यात, तिथं त्या लाल काठाचा एखादा धागाच उरतो, तो कोणाचा हे ओळखू येत नाही. पण वस्ती लहान असली, थोड्याच घरांपासून वाढलेली असली आणि फार पिढ्या झाल्या नसल्या, तर वितभर काठ अजून तसाच सापडतो, आणि वाडीतल्या दहा गोधड्यांत तोच काठ दिसतो. आता ज्यांना आजार आहे त्या सगळ्यांकडे तोच काठ आहे आणि ज्यांना नाही त्यांच्याकडे नाही, असं दिसलं की समजायचं, बिघाड त्या काठाच्या आसपासच कुठंतरी आहे. जीन शोधणं हे बरंचसं असंच आहे. दुसरं म्हणजे बियाण्याचं. दुष्काळात सगळं खाऊन गेलं आणि घरात पायलीभर ज्वारी उरली, पुढची सगळी पेरणी त्याच पायलीची, तर त्या पायलीत चुकून चार दाणे वेगळे असतील तर दहा वर्षांनी वावरात ती वेगळी कणसं उठून दिसतील इतकी होतात. शंभर पोत्यांच्या ढिगात तेच चार दाणे कुठल्या कुठे गेले असते. जगात इतर ठिकाणी जे अगदी विरळ ते अशा एखाद्या समाजात ठळक होऊन बसतं.

आता कोलंबिया. दक्षिण अमेरिकेतला देश, तिथं अँटिओकिया नावाचा डोंगराळ भाग, यारुमाल, अँगोस्तुरा अशी गावं, शेतकरी माणसं, मोठी मोठी कुटुंबं, एकेका घरात दहा-बारा पोरं. तिथं काही घराण्यांत पंचेचाळिशीलाच माणूस विसरायला लागायचा आणि पन्नाशीच्या आत पुरा डिमेन्शिया. लोक त्याला ला बोबेरा म्हणायचे, म्हणजे आपल्याकडच्या खुळेपणासारखा शब्द, आणि कोणी म्हणे चेटूक, कोणी म्हणे पाप. फ्रान्सिस्को लोपेरा नावाचे डॉक्टर तिथलेच, १९८० च्या दशकात त्यांच्याकडे एक शेतकरी आला, वय सत्तेचाळीस, आणि चौकशी केली तर बापाचं तेच, आज्याचं तेच. तिथून पुढे त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं तेच काम केलं. लुसिया माद्रिगाल नावाची नर्स त्यांच्याबरोबर, ती गावोगाव जाऊन घराण्यांच्या वंशावळी जोडत होती, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि मरणाच्या वह्या चाळत होती, आणि तो काळ कोलंबियात बंदुका आणि अंमली पदार्थांच्या टोळ्यांचा. त्या वह्यांत बायका आहेत, बाप्तिस्मा मुलीचाही होतो, म्हणून ते जुळलं, हे वाचून मला भाटाची वही आठवली. जुळता जुळता सगळी घराणी एकाच मोठ्या झाडाला जाऊन लागली, साधारण सहा हजार माणसं आणि त्यात हजार-बाराशे जणांत तो बिघाड. १९९० च्या दशकात तो सापडला, चौदाव्या गुणसूत्रावर प्रिसेनिलिन-१ नावाच्या जीनमध्ये, एका अक्षराचा फरक. आई किंवा बाप कोणा एकाकडून आला तरी पुरे. म्हणजे दर पोरामागे चित किंवा पट. आणि मागे मागे जाऊन हिशोब केला तर तो स्पेनहून आलेल्या एखाद्या माणसाकडून, साधारण पावणेचारशे वर्षांपूर्वी आला असावा.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मी हे घरी सांगितलं तर सगळे घाबरले. असा एकाच जीनने ठरणारा अल्झायमर फार विरळ आहे, एकूण रुग्णांत एक टक्काही नाही, आणि तो तरुणपणी येतो. आमच्या घरचा सत्तरीनंतरचा आहे, म्हणजे त्यातला नाही असंच मी धरून चालते. म्हातारपणीच्या अल्झायमरमध्ये बरेच जीन थोडा थोडा हात लावतात, त्यात सगळ्यात मोठा एपीओई, त्याचा ई-फोर नावाचा प्रकार, तो १९९३ ला कळला. तो असला की धोका वाढतो, दोन्ही बाजूंनी आला तर अजून वाढतो, पण तो असलेले कितीतरी लोक नव्वदीपर्यंत ठणठणीत असतात आणि नसलेल्यांनाही होतो. सिकलसेलसारखं हो किंवा नाही असं उत्तर तिथं नाही.

मला कोलंबियातली सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट वेगळीच आहे, तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले. २०१३ ला त्या घराण्यांत एका औषधाची ट्रायल सुरू झाली, क्रेनेझुमॅब, आजार दिसायच्या आधीच औषध देऊन बघायचं म्हणून. आता विचार करा. ट्रायलमध्ये फक्त बिघाड असलेल्यांनाच घेतलं असतं तर ज्याला बोलावणं आलं त्याला त्याच दिवशी कळलं असतं, आणि त्याच्या बायकोला, शेजाऱ्याला, पोरीच्या सासरच्यांना पण. म्हणून त्यांनी काय केलं, बिघाड नसलेल्यांनाही ट्रायलमध्ये घेतलं. एकूण २५२ माणसं, त्यातली ८३ बिघाड नसलेली, त्यांना नुसतं औषधासारखं दिसणारं इंजेक्शन. तीच सुई, तेच हेलपाटे, तेच स्कॅन. म्हणजे दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघून कोणीच सांगू शकत नव्हतं की हा त्यातला आहे का नाही. ज्याला स्वतःला जाणून घ्यायचं नाही त्याला कळलंही नाही. ८३ निरोगी माणसांनी वर्षानुवर्षं सुया टोचून घेतल्या, आपल्या भावाबहिणींची झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मला आमच्याकडचं पिवळं कार्ड आठवलं.

सिकलसेलची पहिली टेस्ट मी दिवसाला कितीदा तरी करते. काचेच्या नळीत द्रावण, त्यात थोडंसं रक्त, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं, आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर काही नाही. पाणी गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढच्या टेस्टला पाठवायचं, ती सांगते वाहक आहे का पीडित. वाहकाला पिवळं कार्ड. वाहक माणूस आजारी नसतो, फक्त दोन वाहकांचं लग्न झालं तर पोराला आजार होऊ शकतो, म्हणून लग्नाआधी दोघांनीही कार्ड बघायचं, एवढा साधा आणि चांगला हेतू. पण काही वर्षांपूर्वी मीच तपासलेली एक पोरगी, बारावी झालेली, हुशार, तिची सोयरीक कार्ड बघून मोडली. मुलाची टेस्टच केली नव्हती. मुलाकडच्यांनी विचारलंही नाही की आमच्या पोराचं काय, पोरीचं पिवळं निघालं एवढं पुरे झालं. नंतर दोन स्थळं आली तीही तशीच गेली. तिची आई माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "बाई, त्या नळीत रेघा दिसल्या असत्या तं काय बिघडलं असतं?" मी काय सांगणार. नळीत जे होतं ते होतं.

मी सिकलसेलच्या तपासणीच्या विरोधात अजिबात नाही. ती झाली पाहिजे, सगळ्यांची झाली पाहिजे, मुलांची तर आधी झाली पाहिजे, कारण तिथं कळल्याने काहीतरी करता येतं, औषध देता येतं, जन्मणारं लेकरू वाचवता येतं. डिमेन्शियाच्या जीनचं तसं नाही. तो कळला तर आज करायला काय आहे, ते जवळजवळ काहीच नाही, आणि गावाला मात्र बोलायला आयुष्यभर पुरतं. म्हणून उद्या आमच्याकडे कोणी हे शोधायला आलं तर मला आधी हे विचारायचं आहे की ते कार्ड छापणार आहेत का.

आणि त्यांनी यावं असं मला मनापासून वाटतं. कारण भारताबद्दल मी जे वाचलं ते बघता आपल्याकडे किती काय दडलेलं असेल. २०१७ ला हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ थंगराज आणि हार्वर्डच्या लोकांनी मिळून दक्षिण आशियातल्या २६० हून जास्त समाजांचा अभ्यास केला, आणि त्यातले ८१ समाज असे निघाले की त्यांची सुरुवातीची पायली फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी (म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यूंपेक्षाही लहान होती. जगभर जीन शोधणाऱ्यांची हीच दोन नावं कायम पुढे असतात! आणि त्या ८१ मधले १४ समाज तर दहा लाखांच्या वरचे. म्हणजे लोक ढीगभर आहेत, पण सोयरीक शतकानुशतकं आतल्या आतच. त्यात आंध्र-तेलंगणाकडच्या वैश्य समाजाचं उदाहरण त्यांनी दिलंय, त्यांच्यात एक एन्झाइम कमी असण्याचं प्रमाण इतकं जास्त की ऑपरेशनला भूल देताना वापरतात ते एक औषध अंगातून लवकर उतरत नाही, श्वासाचे स्नायू बराच वेळ ढिलेच राहतात, आणि हे माहीत असलेला डॉक्टर आधीच विचारून घेतो. बघा, घराण्यातलं माहीत असण्याचा असा रोकडा फायदा.

आमच्याकडे मामाची पोरगी करायची रीत पण आहेच. माझ्या आत्याच्या पोराला मोठेबाबांची पोरगी दिली आहे. त्याच्या आईला होतं, तिच्या बापाला आहे. मी जेव्हा पानावर ती रेघ ओढली तेव्हा हात थांबला. इस्रायलमधल्या वादी आरा भागात अरब वस्ती आहे, तिथंही नात्यातच लग्नं होतात आणि म्हाताऱ्यांमध्ये अल्झायमर फार, म्हणून तिथं बरीच वर्षं अभ्यास झाला, आणि नवल म्हणजे तो ई-फोर तिथं कमीच सापडला. म्हणजे दुसरंच काहीतरी चालू आहे, आणि युरोपातल्या लोकांवरून काढलेले ठोकताळे सगळीकडे लागू पडत नाहीत. उलट बाजूला हरियाणात बल्लभगडजवळच्या खेड्यांत अमेरिकेच्या मदतीने पाहणी झाली तर तिथं अल्झायमरचं प्रमाण जगातल्या सगळ्यात कमी आकड्यांत मोजलं गेलं. एकाच देशात असं, मग आमच्याकडे काय असेल? कोलाम, माडिया, गोंड, कोरकू, आमच्यासारखे शेतकरी समाज, ज्यांची सोयरीक पाच-पन्नास गावांच्या पुढे जात नाही. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरच्या खेड्यांत हजारो माणसं वर्षानुवर्षं तपासत राहायचं काम हातात घेतलंय, जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने दहा हजार लोकांचे जीनोम, म्हणजे सगळेच्या सगळे जीन, वाचून २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुले केले. काम सुरू झालंय. विदर्भातल्या म्हाताऱ्या आहेत तोवर कोणीतरी इथंही येऊन बसावं, एवढंच. मावसआजी जाईल तेव्हा तिच्याबरोबर तीन पिढ्या जातील.

आणि शोधायचं फक्त वाईटच नसतं. आइसलँड हा छोटासा देश, अकराशे वर्षांपूर्वी बोटींतून गेलेल्या लोकांचा, आणि त्यांच्याकडे सगळ्यांची वंशावळ लिहून ठेवलेली. तिथल्या डीकोड नावाच्या कंपनीने २०१२ ला असा एक फरक शोधला जो अल्झायमरपासून वाचवतो. तोही त्याच एपीपी जीनमध्ये ज्याच्या दुसऱ्या फरकांनी अल्झायमर होतो. मेंदूत जो चिकट कचरा साठतो, अमायलॉइड, तो या लोकांत साधारण चाळीस टक्के कमी तयार होतो. शंभरात एखाद्याकडेही नाही तो फरक, पण एवढ्याने औषध करणाऱ्यांना कळलं की कचरा कमी झाला तर माणूस वाचू शकतो. कोलंबियातही तसंच. त्या सहा हजारांत एक बाई सापडली जिच्यात तो बिघाड होता, पंचेचाळिशीला विसरायला पाहिजे होती, आणि सत्तरीपर्यंत तिला काही झालं नाही. तिच्याकडे एपीओईचा क्राइस्टचर्च नावाचा विरळ प्रकार दोन्ही बाजूंनी आलेला होता. मेंदूत अमायलॉइड भरपूर, तरी बाई शाबूत. २०१९ ला हे छापून आलं, २०२० मध्ये ती कॅन्सरने गेली, मेंदू संशोधनाला दिला. पुढे २०२४ ला त्याच घराण्यांतले २७ जण मिळाले ज्यांच्याकडे तो प्रकार एकाच बाजूने आलाय, त्यांचा आजार साधारण पाच वर्षं उशिरा सुरू झालेला. पाच वर्षं म्हणजे पोरीचं लग्न बघून होतं, नातू ओळखता येतो.

हे सगळं त्या लोकांच्या रक्तातून मिळालं. त्यांना काय मिळालं, हे मात्र लिहिताना जड जातं. क्रेनेझुमॅबचा निकाल २०२२ ला आला, ठोस फायदा दिसला नाही. लोपेरा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गेले. त्या घराण्यांतली माणसं अजून पंचेचाळिशीला पोचतात आणि त्यांचं विसरणं सुरू होतं. इटलीत कालाब्रिया भागात निकास्त्रो नावाचं गाव होतं, आता ते एका मोठ्या शहराचा भाग झालंय, तिथल्या घराण्यांवरूनही अल्झायमरचा अभ्यास झाला, आणि पुढे या आजाराशी संबंध असलेलं एक प्रोटीन सापडलं तेव्हा त्याचं नाव गावावरून निकास्त्रिन ठेवलं. तो मान आहे हे मला समजतं, पण त्या गावच्या पोरीला स्थळ बघायला लोक आले असतील तेव्हा काय वाटलं असेल हेही डोक्यात येतं. रक्त घेऊन गेलेल्यांनी परत यावं, ओसरीत बसावं, काय सापडलं ते आपल्या भाषेत सांगावं, म्हाताऱ्याला सांभाळणाऱ्या सुनेला चार दिवस उसंत मिळेल असं काही गावात उभं करावं. मोठी माय चार वर्षांत एकदाही माहेरी मुक्कामी गेलेली नाही. कोणावर सोडून जाणार? रात्री दोनला मोठेबाबा उठतात, कासरा शोधतात, बैलं विकून नऊ वर्षं झालीत.

मागच्या महिन्यात मोठेबाबांची पोरगी, माझी ताई, माहेरी आली होती. जिच्या नावापाशी रेघ ओढताना माझा हात थांबला होता ती. तिने माझ्या बॅगेतलं पान बघितलं, तिला सगळं कळलं, एम.ए. झालेली आहे. तिने विचारलं, माझं काय गं? मी तिला जे खरं आहे तेच सांगितलं, की नात्यात आहे म्हणजे होणारच असं नाही, वडिलांना आहे म्हणून धोका जास्त असू शकतो, टेस्ट निघतात पण त्यांचं उत्तर हो-नाही असं येत नाही आणि आज त्यावर गोळीही नाही. बीपी आणि शुगर आवर, कानाला कमी ऐकू येतंय ते दाखवून मशीन घे, चालत जा, रोज चार माणसांत बस, वाचन सोडू नकोस, याने फरक पडतो आणि हे टेस्टशिवायही करता येतं. तिने ऐकून घेतलं. मग पान हातात घेऊन तिचं स्वतःचं गोल शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे असंच कोरं ठेव. कोणी आलं, रक्त मागितलं तर मी देईन, पण उत्तर मले सांगू नको म्हणा."

मी तिच्या गोलाशेजारी पेन्सिलीने तेवढंच लिहून ठेवलं आहे. रक्त द्यायला तयार. सांगू नये.